शत्रूची बँक, आपली खाती

१९४१ साली मुंबईत चार महिन्यांच्या अंतराने एक बँक उघडली आणि एक बंद पडली. ऑगस्टमध्ये उघडली ती हबीब बँक. मुंबईतल्या एका व्यापारी खोजा कुटुंबाने ती काढली होती. डिसेंबरमध्ये जपान युद्धात उतरला आणि जवळजवळ अर्धशतक मुंबईत व्यवहार करणारी योकोहामा स्पीशी बँक शत्रूची बँक ठरली. पुढे चोवीस वर्षांनी हबीब बँकेच्या मुंबईतल्या शाखेवरही तीच वेळ आली. एकीवर जप्ती आणली ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरकारने, दुसरीवर स्वतंत्र भारताच्या. दोन्ही वेळा मालमत्ता ज्याच्याकडे गेली ते पद मात्र एकच होतं : कस्टोडियन ऑफ एनिमी प्रॉपर्टी, म्हणजे शत्रूच्या मालमत्तेचा सरकारी राखणदार.

नाशिककरांना हा विषय दूरचा वाटायचं कारण नाही. योकोहामा बँकेच्या पैशावर खरेदी झालेल्या खानदेशी कापसाच्या गाठी मनमाड-नाशिकरोड मार्गानेच मुंबईला उतरत. दुसऱ्या महायुद्धात शत्रूदेशाचे नागरिक म्हणून पकडलेल्या जर्मनांना काही काळ देवळालीच्या छावणीत ठेवलं होतं. पुढे तिबेटमधल्या वास्तव्यामुळे जगाला माहीत झालेला गिर्यारोहक हाइनरिश हारर त्यांच्यातलाच एक. अहमदनगरहून तो देवळालीला आला आणि तिथून डेहराडूनला गेला. शत्रूची माणसं छावणीत आणि शत्रूचा पैसा कस्टोडियनच्या खतावणीत, अशी ही वाटणी होती. आणि नोटांचं म्हणाल तर त्या नाशिकरोडच्याच. १९२८ पासून देशाच्या नोटा तिथे छापल्या जाऊ लागल्या. १९६५ साली हबीब बँकेच्या तिजोरीत ज्या नोटा असतील, त्याही इथल्याच छापखान्यातल्या.

कापूस, बोटी आणि हुंड्या

योकोहामा स्पीशी बँकेची मुंबई शाखा १८९४ सालची. आदल्याच वर्षी जमशेटजी टाटांच्या पुढाकाराने निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीच्या बोटी मुंबई ते जपान अशा नियमित धावू लागल्या होत्या. ओसाकाच्या गिरण्यांना आखूड धाग्याचा हिंदुस्थानी कापूस हवा होता, आणि आजवर पी अँड ओ कंपनी मागेल ते भाडं मोजणाऱ्या मुंबईच्या व्यापाऱ्यांना दुसरी वाट हवी होती. बोटींमागोमाग बँक आली ती याच व्यापाराच्या गरजेतून.

ती गरज समजून घेतली पाहिजे, कारण जप्तीची सगळी गुंतागुंत तिच्यात आहे. जळगावच्या व्यापाऱ्याला गाठी दिल्याबरोबर रुपये हवेत. ओसाकाची गिरणी पैसे देणार ते माल पोहोचल्यावर, तेही येनमध्ये. मधले दोन-तीन महिने कुणीतरी पदरचे पैसे घालून धरले पाहिजेत. बँक ते धरायची. मुंबईत हुंडी विकत घेऊन रुपये मोजायचे, बोटीची कागदपत्रं ताब्यात ठेवायची आणि जपानमध्ये येन वसूल करायचे. त्यामुळे बँकेची मालमत्ता कोणत्याही दिवशी थोडी तिजोरीत, थोडी समुद्रात आणि थोडी दोन देशांतल्या गिऱ्हाइकांच्या शब्दावर विखुरलेली असे.

हा व्यापार लहान नव्हता. तोयो मेन्का, गोशो अशा जपानी कंपन्यांचे खरेदीदार वऱ्हाड-खानदेशच्या बाजारांपर्यंत पोहोचले होते. १९३३ साली हिंदुस्थान सरकारने जपानी कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली, तेव्हा जपानी गिरण्यांनी इथल्या कापसावर बहिष्कार घातला. पुढच्या वर्षीच्या करारात तडजोड झाली : जपानने वर्षाला १० लाख गाठी घ्यायच्या, त्या बदल्यात त्याला साडेबत्तीस कोटी वार कापड इथे विकता येईल. शत्रुत्व येण्याच्या सात वर्षं आधी दोन देश एकमेकांत इतके गुंतलेले होते.

किल्ल्या हाती आल्यावर

बँक ताब्यात घेणं म्हणजे तिजोरी फोडून पैसा नेणं नव्हे. याचा पहिला मोठा धडा १९१४ च्या ऑगस्टमध्ये लंडनला मिळाला. डॉइश बँक, ड्रेसडनर बँक यांच्या तिथल्या शाखा एका रात्रीत शत्रूच्या झाल्या. पण त्यांच्याकडे ठेवी होत्या इंग्रज व्यापाऱ्यांच्या, आणि त्यांनी स्वीकारलेल्या हुंड्या लंडनच्याच बाजारात फिरत होत्या. त्या बुडवल्या असत्या तर घाव स्वतःच्याच बाजारावर बसला असता. म्हणून सरकारने सर विल्यम प्लेंडर या नावाजलेल्या हिशेबनिसाला या बँकांवर देखरेखीला बसवलं. जुने व्यवहार मिटवायचे, नवे करायचे नाहीत आणि शत्रूदेशात एक पैही जाऊ द्यायची नाही, असा त्याचा कारभार होता.

हिंदुस्थानातही चौकट हीच राहिली. १९३९ च्या सप्टेंबरमध्ये युद्ध सुरू होताच परकीय चलनाचं नियंत्रण रिझर्व्ह बँकेकडे आलं आणि भारत संरक्षण नियमांखाली कस्टोडियनची नेमणूक झाली. जपानी बँकांचे हात १९४१ च्या जुलैअखेरीसच बांधले गेले. ब्रिटन-अमेरिकेबरोबर हिंदुस्थाननेही जपानी पैसा गोठवला. डिसेंबरात उरलं होतं ते दाराला सील लावणं.

सील लागल्यावरचं खरं काम वह्यांचं. पहिली यादी या देशातल्या ठेवीदारांची. ते शत्रू नव्हेत. बँक शत्रूची ठरली म्हणून त्यांचे पैसे शत्रूचे होत नाहीत. दुसरी यादी कर्जदारांची. सावकार शत्रू झाला म्हणून कर्ज फिटत नाही. फक्त ते भरायचं कुठे ते बदलतं. तिसरी यादी मुख्य कचेरीच्या आणि शत्रूदेशातल्या गिऱ्हाइकांच्या रकमांची, आणि कस्टोडियनची नजर मुख्यतः हिच्यावर. चौथी यादी वाटेत अडकलेल्यांची : न वटलेल्या हुंड्या, बंदरातून परत फिरलेला माल, दिलेल्या हमीपत्रांचे दावे. स्थानिक देणी स्थानिक येण्यांतून भागवायची आणि उरेल ते राखायचं, असा हा सगळा हिशेब. म्हणून मी या पदाला राखणदार म्हणतो. शेताचा राखणदार पीक सांभाळतो, पण कापणी कुणाची हे तो ठरवत नाही. तो निर्णय तहाचा.

जपानच्या बाबतीत तो तह झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेपासून भारत दूर राहिला आणि ९ जून १९५२ रोजी टोकियोत त्याने जपानशी स्वतंत्र शांतता करार केला. त्यात भारताने नुकसानभरपाईचा सगळा हक्क सोडला. शिवाय, युद्धाच्या सुरुवातीला भारतात असलेली आणि अजून सरकारच्या ताब्यात असलेली जपानी मालमत्ता परत करण्याचं कलम त्यात घातलं. योकोहामा स्पीशी बँक स्वतः तोवर संपली होती. दोस्तांच्या अंमलाखाली ती मोडून १९४६ मध्ये तिच्या जागी बँक ऑफ टोकियो उभी राहिली होती. पण तत्त्व पाळलं गेलं. मुलुख नुकताच गुलामीतून सुटलेला, हाताशी पैसा नाही, तरी राखलेलं परत दिलं. या कराराचा मला एक भारतीय म्हणून अभिमान वाटतो.

मुंबईची बँक, कराचीची बँक

हबीब बँकेची कथा याहून गुंतागुंतीची, कारण इथला शत्रू घरातूनच निघालेला होता. फाळणीच्या वेळी बँकेने आपली मुख्य कचेरी मुंबईहून कराचीला हलवली. मुंबईत जन्मलेली बँक त्यामुळे मुंबईतच परदेशी ठरली. सीमेपलीकडे याचीच उलटी प्रतिमा होती. पंजाब नॅशनल बँक १८९५ साली लाहोरात सुरू झाली; १९४७ नंतर ती भारतीय बँक झाली आणि पाकिस्तानातल्या तिच्या शाखा परक्या.

तेव्हा सगळं इतकं एकमेकांत अडकलेलं होतं की ३० जून १९४८ पर्यंत पाकिस्तानची मध्यवर्ती बँक म्हणूनही आपली रिझर्व्ह बँकच काम पाहत होती. त्या वर्षीच्या एप्रिलपासून पाकिस्तानात चालू लागलेल्या पहिल्या नोटा नाशिकरोडला छापलेल्या होत्या : भारतीय नोटांच्याच छापावर ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ ही अक्षरं इंग्रजीत आणि उर्दूत घातलेल्या. नव्या देशाचा पहिला रुपया गोदाकाठच्या कामगारांच्या हातून गेला होता.

सतरा वर्षांनी लढाई पेटली. ६ सप्टेंबर १९६५ रोजी भारतीय फौजा लाहोर आघाडीवर सरहद्द ओलांडून गेल्या, आणि चारच दिवसांनी, १० सप्टेंबरला, सरकारची अधिसूचना निघाली. चीनच्या युद्धाच्या वेळी केलेल्या भारत संरक्षण नियमांतल्या १३३-व्ही या नियमाखाली पाकिस्तानी नागरिकांची भारतातली स्थावर मालमत्ता, लॉकर, शेअर, रोखे कस्टोडियनकडे गेले. हबीब बँक आणि कोलकात्यातली नॅशनल बँक ऑफ पाकिस्तान यांच्या इथल्या शाखाही शत्रूच्या मालमत्तेत जमा झाल्या. पाकिस्ताननेही आपल्या हद्दीतल्या भारतीय बँकांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या. त्यांत पंजाब नॅशनल बँकेच्या होत्या.

तीन वर्षं आधी बँक ऑफ चायनाच्या कोलकाता आणि मुंबईतल्या शाखांचा गाशा असाच गुंडाळला गेला होता. त्या बँकेला भारतात पुन्हा परवाना मिळाला तो २०१८ साली.

तह झाला नाही, हिशेब उरला

१९६५ ची लढाई २३ सप्टेंबरला थांबली. १० जानेवारी १९६६ च्या ताश्कंद जाहीरनाम्यात दोन्ही बाजूंनी ताब्यात घेतलेली मालमत्ता परत करण्याबाबत चर्चा करू, असं एक कलम आहे. नेमकी तीच चर्चा कधी तडीला गेली नाही. भारताने १९६८ मध्ये शत्रू मालमत्ता कायदा केला आणि युद्धापुरती घेतलेली राखण कायम झाली. पाकिस्तानने त्याच्याकडची भारतीय मालमत्ता १९७१ मध्ये विकून टाकली. तिकडे सर्वस्व गमावलेल्या भारतीयांना आपल्या सरकारने त्यांच्या पडताळलेल्या दाव्यांच्या २५ टक्क्यांपर्यंत अनुग्रह रक्कम दिली. उरलेल्या ७५ टक्क्यांचा विचार करताना मन खिन्न होतं. त्यामागे उद्ध्वस्त झालेली घरं आणि दुकानं आहेत.

कस्टोडियनची कचेरी अनेक दशकं मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधल्या कैसर-ए-हिंद इमारतीत होती. तिथल्या नोंदींत नऊ हजारांवर स्थावर मालमत्ता आल्या. १२६ चिनी नागरिकांच्या, बाकी पाकिस्तानी नागरिकांच्या. २००५ साली मेहमूदाबादच्या राजांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय वारसाच्या बाजूने निकाल दिला. २०१७ च्या दुरुस्तीने ती वाट बंद केली. वारस भारतीय नागरिक असला तरी मालमत्ता शत्रूचीच राहील आणि दिवाणी न्यायालयांना त्यात हात घालता येणार नाही, असं ठरलं. २०१८ मध्ये सरकारने कस्टोडियनकडचे ९९६ कंपन्यांतले साडेसहा कोटी शेअर विकायला मान्यता दिली. त्यांची किंमत तेव्हा सुमारे ३,००० कोटी रुपये होती. राखणदार आता विकणारा झाला आहे.

यात राज्याची बाजू नाही असं मी म्हणणार नाही. लढाई चालू असताना शत्रूच्या बँकेतून पैसा, बातमी, माल बाहेर जाऊ देणं हा आपल्या सैनिकांशी द्रोह ठरेल. समोरच्याने आपली मालमत्ता विकून खाल्ली असताना आपण एकट्याने परत करत बसावं, ही अपेक्षाही न्यायाची नाही. १९६५ च्या जप्तीविरुद्ध माझी तक्रार नाही. माझं मागणं हिशेबाचं आहे. बँकेत मालकाचा पैसा थोडा आणि लोकांचा फार असतो. म्हणून घराच्या किंवा शेताच्या जप्तीपेक्षा बँकेची जप्ती अधिक जबाबदारीची. किती ठेवीदारांना पूर्ण पैसे मिळाले, किती रकमा कुणी मागायला आलं नाही म्हणून पडून राहिल्या, मुख्य कचेरीच्या नावावर शेवटी काय उरलं आणि ते कुठे गेलं, हे सामान्य वाचकाला एका जागी वाचता आलं पाहिजे.

योकोहामा स्पीशी, हबीब, नॅशनल बँक ऑफ पाकिस्तान, बँक ऑफ चायना : चार बँका, तीन युद्धं. त्यांची मिटवलेली खाती राष्ट्रीय अभिलेखागारात अभ्यासकांना खुली व्हावीत आणि प्रत्येक बँकेचा अखेरचा ताळेबंद प्रसिद्ध व्हावा. तहाशिवाय मालमत्ता परत करता येत नसेल, पण हिशेब द्यायला तह लागत नाही. १९५२ साली आपण हरलेल्या शत्रूला त्याचं उरलंसुरलं परत दिलं होतं. आज आपल्याच नागरिकांना जमाखर्च दाखवणं त्यापुढे काहीच अवघड नाही.