जागा संपल्याचा इशारा

बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत २०२२ साली ‘परम प्रवेग’ हा महासंगणक कार्यान्वित झाला. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेच्या सहभागाने उभारलेल्या या यंत्राची साठवणक्षमता चार पेटाबाइट, म्हणजे चाळीस लक्ष गिगाबाइट इतकी आहे. एवढे भांडार कधी भरणारच नाही, असे सामान्य माणसाला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु यंत्र जितके वेगवान, तितकी त्यातून निघणारी माहितीही विपुल असते. त्यामुळे लहानमोठ्या सर्वच संगणक केंद्रांत ‘जागा शिल्लक नाही’ हा इशारा केव्हा ना केव्हा उमटतोच. अनेक दिवस चाललेल्या गणिताचे उत्तर लिहिण्याच्या वेळी तो उमटला, तर सारे श्रम वाया जाण्याचा संभव असतो.

असे बहुतेक संगणक युनिक्स किंवा तिच्याच वळणाची लिनक्स ही कार्यप्रणाली वापरतात. केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्सचा पाया घातला. तिच्यातील फाइलींची व्यवस्था एखाद्या ग्रंथालयासारखी असते. मजकूर ठेवण्याचे ठोकळे ही तेथील फडताळे होत. प्रत्येक फाइलीचा मालक, आकार आणि मजकुराचे ठिकाण यांची नोंद ‘आयनोड’मध्ये असते, ती ग्रंथालयाची दाखल नोंदवही होय. फाइलीचे नाव मात्र डिरेक्टरीत, म्हणजे सूचीपत्रात, असते.

ही रचना ध्यानात घेतली की इशाऱ्याची कारणे उलगडू लागतात. पहिले कारण सरळ आहे: फडताळे खरोखरच भरलेली असतात. ‘डीएफ’ ही आज्ञा प्रत्येक विभागात किती जागा व्यापली आहे ते सांगते, तर ‘डीयू’ ही आज्ञा कोणत्या डिरेक्टरीने किती जागा घेतली ते दाखविते. पुष्कळदा असे आढळते की, एखादा कार्यक्रम आपल्या कामाची नोंद अखंड लिहीत राहिला आहे आणि ती फाइल अवाढव्य वाढली आहे.

दुसऱ्या प्रकारात फडताळे रिकामी असतात, पण दाखल नोंदवहीच्या ओळी संपलेल्या असतात. अनेक फाइल-व्यवस्थांत आयनोडांची संख्या आरंभीच ठरविलेली असते. लक्षावधी चिमुकल्या फाइली साचल्या, की नव्या फाइलीची नोंद करता येत नाही. ‘डीएफ’ला आयनोड मोजावयास सांगितले की हे उघड होते.

तिसरे कारण नवशिक्यास चकविणारे आहे. मोठी फाइल पुसली, तरी जागा मोकळी होत नाही. ‘डीएफ’ आणि ‘डीयू’ यांचे आकडे जुळत नाहीत. सूचीपत्रातून पुस्तकाचे कार्ड काढले, पण पुस्तक अजून वाचकाच्या हाती आहे आणि फडताळातील त्याची जागा राखून ठेवली आहे, असा हा प्रकार होय. एखाद्या चालू कार्यक्रमाने फाइल उघडी ठेवली असेल, तर तो ती मिटेपर्यंत जागा परत मिळत नाही. ‘एलएसओएफ’ या आज्ञेने असा कार्यक्रम सापडतो. म्हणून चालू नोंदीची फाइल एकाएकी पुसण्याऐवजी ती वेळोवेळी पालटण्याची व्यवस्था ठेवणे श्रेयस्कर.

याखेरीज काही जागा मुद्दाम राखून ठेवलेली असते. १९८४ साली बर्कली विद्यापीठातील मॅक्युसिक, जॉय, लेफ्लर व फॅब्री यांनी मांडलेल्या व्यवस्थेत साधारण दहा टक्के जागा मोकळी ठेवण्याची योजना होती. भांडार काठोकाठ भरले, की नव्या फाइलीसाठी सलग जागा मिळणे दुरापास्त होते आणि वेग मंदावतो. लिनक्सवरील प्रचलित ‘एक्स्ट’ व्यवस्थेत सामान्यतः पाच टक्के जागा केवळ व्यवस्थापकासाठी राखलेली असते. सर्वसामान्यांचे लेखन थांबले, तरी दुरुस्तीचे काम करता यावे हाही तिचा उपयोग आहे.

निदान चुकल्यास काय ओढवते, याचे उदाहरण पृथ्वीपासून दूर घडले. ४ जानेवारी २००४ रोजी मंगळावर उतरलेल्या ‘स्पिरिट’ या अमेरिकी यानाशी २१ जानेवारीस नियमित संपर्क तुटला. त्यावर युनिक्स नव्हती. तरीही दोष याच जातीचा होता. फ्लॅश स्मृतीत फाइलींची संख्या इतकी वाढली होती की, त्यांची सूची हाताळण्यास यानाची कार्यकारी स्मृती अपुरी पडे आणि संगणक पुनःपुन्हा नव्याने सुरू होई. तंत्रज्ञांनी फ्लॅश स्मृतीला हात न लावता यान सुरू करविले, कारण शोधले आणि मगच अनावश्यक फाइली काढल्या. पुढे ते यान सहा वर्षे संदेश पाठवीत राहिले.

बंगळूरच्या संगणक केंद्रातही क्रम हाच असावयास हवा. इशारा दिसताच हाती लागेल ते पुसणारा माणूस कुणाचे तरी मोलाचे काम नष्ट करू शकतो. फडताळ भरले, नोंदवही संपली की पुस्तक वाचकाच्या हाती अडकले, हे आधी ठरवावे; काय काढावयाचे ते त्यानंतर.