ढाल-तलवारीसाठी फोम: कोणता घ्यावा, कुठून मिळवावा

नाटकात मुलांना मावळ्यांची कामं वाटून दिली, की त्याच संध्याकाळी एखाद्या आईचा फोन येतो: "ताई, ढाल-तलवार घरूनच आणायची का?" विचारणं ढालीबद्दल असतं, काळजी खर्चाची असते. एखादं मूल त्यामुळे 'मला नको ते काम' म्हणून मागे सरतं, हेही आम्ही पाहिलं आहे. शिवाय भाड्याचं सामान प्रयोगाच्या दिवशीच हाती येतं, तालमीत सगळे लाटण्याने लढतात. म्हणून हे सामान आम्ही मंडळात फोमचं करतो. गणपतीत कागदाचा लगदा आपल्याकडच्या पावसात वाळता वाळत नाही, हेही एक कारण.

बिरसात फोम मिळतो कुठे? मिळतो. पण नुसतं 'फोम द्या' म्हणून चालत नाही, कारण या एका नावाखाली अगदी वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात.

आधी थर्माकोलचं बोलू. १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आहे. गोंदियाकडच्या नातेवाइकांना ती २०१८ पासूनच माहीत आहे, महाराष्ट्रात ती तेव्हाच आली. ढाल म्हणजे सजावट का, असा वाद घालत बसण्यापेक्षा थर्माकोल सोडलेला बरा. तसाही तो पडला की तुटतो आणि त्याचे पांढरे दाणे महिनाभर सभागृहात सापडत राहतात.

ढाल, जिरेटोप, चिलखत यांसाठी हवा तो ईव्हीए फोम. हवाई चपलेच्या मऊ तळव्यासारखा: नख दाबलं तर वण पुन्हा भरून येतो, पाणी शोषत नाही, ब्लेडने स्वच्छ कापला जातो. स्टेशनरीच्या दुकानात तो 'फोम शीट' म्हणून रंगीत पानांत मिळतो. किनारी आणि नक्षीला ती पानं छान, पण ढालच त्यांची करायला गेलात तर महाग पडते. लहान मुलांसाठी जमिनीवर अंथरतात त्या एकमेकांत अडकणाऱ्या चटईचा एक चौकोन घ्या, ६० बाय ६० सेंटीमीटर, जाडी १० मिलिमीटर. तेवढा माल २ मिलिमीटरच्या ए-४ पानांतून जमवायचा तर सुमारे २९ पानं लागतील. दोन्हींचे भाव विचारून हिशेब तुम्हीच करा. त्यातही, ज्यांची मुलं आता मोठी झाली आहेत त्यांच्या माळ्यावर ही चटई पडून असते. आधी तिथे विचारावं. जुनी योगा मॅटही चालते, पण जड, चिकट आणि वासाची असेल तर ती पीव्हीसीची समजा आणि तापवू नका. त्याचा धूर घातक असतो.

दुसरा कामाचा माल फुकट मिळतो. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येणारा पांढुरका, वाकणारा, बुडबुडे दिसणारा फोम म्हणजे ईपीई. मलाजखंडच्या कॉलनीत कुणाकडे नवी वस्तू आली की खोकं फेकण्याआधी मागून घ्या. गडाचा बुरूज, दगड, झाडाचं खोड यांना तो उत्तम. रंग मात्र त्यावर नीट बसत नाही, म्हणून वरून जुन्या धोतराचं कापड किंवा कागद फेविकॉलने चढवावा.

गादी-सोफ्याचा स्पंज गादीवाल्याकडे कातरणाच्या रूपात स्वस्त मिळतो. पोट, कुबड, गदेचा गोळा यांना तोच. पण तो पाणी पितो आणि चटकन पेटतो, धूरही विषारी. आरतीच्या तबकाजवळ स्पंजचं काहीही ठेवायचं नाही, इथे आम्ही कुणाचं ऐकत नाही.

चिकटवण्यात आमची एकदा फजिती झाली. बंदीपूर्वी थर्माकोलच्या ढालींवर चप्पल चिकटवायचं पिवळं सोल्यूशन लावलं, आणि बघता बघता ढालींना खड्डे पडले. हे सोल्यूशन थर्माकोल विरघळवतं, ईव्हीएला मात्र तेच घट्ट धरतं. दोन्ही बाजूंना पातळ थर, हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबणं, मग एकदाच नेमकं दाबणं. एकदा लागलं की सरकवता येत नाही. त्याची वाफ वाईट आणि ज्वालाग्राही असते, म्हणून हे काम मोठ्यांनी ओसरीत, दिवा-शेगडीपासून लांब करावं. पांढरा फेविकॉल दोन फोमच्या मध्ये नीट वाळतच नाही. तो पाणी घालून रंगाआधी अस्तर म्हणून दोन-तीन हात द्यावा, त्यावर घरातला उरलेला प्लास्टिक पेंटही बसतो.

आकार देणं सगळ्यात मजेचं. ढालीचा गोल कापा, वर सुती कापड ठेवून मध्यम इस्त्री फिरवा आणि मऊ झालेला फोम लगेच पालथ्या कढईवर दाबून धरा. गार झाला की बाक तसाच राहतो. चटईची खरखरीत बाजू आत घ्यावी. जिरेटोपाचं माप आधी वर्तमानपत्रावर कापून मुलाच्या डोक्यावर बसवून बघा, फोम नंतर. ब्लेड नवं हवं, बोथट ब्लेड फोम फाडतं.

तलवारीत मधे बांबूची कामटी घालतो, बांबूला आपल्याकडे तोटा नाही. ती टोकाच्या चार बोटं अलीकडेच संपली पाहिजे. पुढे नुसता फोम, म्हणजे कुणाच्या डोळ्याला इजा होणार नाही. तालमीआधी प्रत्येक तलवारीचं टोक आम्ही बोटांनी दाबून बघतो. कामटी लागली तर तलवार बाजूला.

प्रयोगानंतर सामान मंडळाच्या पेटीत जातं, ढाली पालथ्या, त्यांच्यावर वजन न ठेवता. पुढच्या वर्षी ज्या मुलाला काम मिळेल, त्याला ती पेटीतूनच मिळतील. यंदा चटईचे चौकोन कमी आहेत, रंग कोणताही चालेल.