सासूबाईंच्या मागून हळदीच्या पेठेत

गेल्या फाल्गुनात माझी धाकटी जाऊ दुबईहून चार दिवसांसाठी आली. आल्या दिवशी चहा घेता घेताच तिनं मोबाइलवरचे फोटो दाखवायला सुरुवात केली. दुबईत खाडीच्या काठी देरा म्हणून जुना भाग आहे. तिथं मसाल्यांचा बाजार, सोन्याचा बाजार. ‘अब्रा’ नावाच्या लाकडी होडीतून खाडी ओलांडायची आणि वाटाड्याच्या मागोमाग गल्ल्यांतून पायी हिंडायचं.

“पैसे भरून?” सासूबाईंनी विचारलं.

“हो ना! पण काय माहिती सांगतो हो तो माणूस! हे बघा वहिनी, या पोत्यातला जिन्नस. याला ‘कुरकुम’ म्हणतात.”

फोटो जवळ धरून बघते तर काय, आपली हळकुंडं! नंतर कळलं, हळदीच्या शास्त्रीय नावातलं ‘कर्क्युमा’ हेही या अरबी शब्दावरूनच आलेलं आहे.

“आपल्या सांगलीत असं दाखवण्यासारखं काही नाही,” जाऊबाई म्हणाली. ती साताऱ्याची. “आमच्या साताऱ्यात निदान राजवाडा तरी आहे.”

मला ते चांगलंच झोंबलं. पण खरं सांगू का मैत्रिणींनो, उत्तर मलाही देता येईना. पंचवीस वर्षं मी या गावात संसार करते आहे. गणपती पेठेत जायचं, यादी द्यायची, पिशव्या घ्यायच्या आणि घरी यायचं. एवढीच माझी पेठ! उत्तर दिलं ते सासूबाईंनी. “उद्या सकाळी आठला दोघी तयार राहा. मी दाखवते. पैसे नकोत, रिक्षा तेवढी तुम्ही करा.”

सासूबाईंचं वय ब्याऐंशी. गुडघे दुखतात, हल्ली नावंही विसरतात. मला काळजीच वाटली. पण सकाळी पाहते तर त्या इरकली नेसून, काठी घेऊन ओट्यावर बसलेल्या!

सुरुवात गणपतीच्या देवळापासून. पटवर्धन घराण्यातले चिंतामणराव १८०१ साली मिरजेहून वेगळे झाले आणि त्यांनी सांगलीला राजधानी केली. हे देऊळ त्यांनीच बांधायला घेतलं. “आधी देव, मग पेठ,” सासूबाई म्हणाल्या. “देवळाला येणारा माणूस जाताना बाजार करूनच जातो.”

पेठेत शिरलं की आधी नाकाला कळतं. मिरची, धने, गूळ, तेल आणि त्या सगळ्यांच्या खालून हळदीचा तो किंचित मातकट वास. घाऊक किराण्याची दुकानं अजून इथं आहेत. हळदीचे मोठे सौदे मात्र आता वसंतदादा मार्केट यार्डात होतात. माघ-फाल्गुनापासून नवा माल येतो. जिल्ह्यातला तर येतोच, शिवाय मराठवाड्यातून, कर्नाटकातून, तेलंगणातूनही पोती उतरतात. राजापुरी, सेलम अशा जाती, हळकुंड वेगळं, गड्डा वेगळा. शेतातून काढलेली हळद शिजवायची, उन्हात कडकडीत वाळवायची, मग पॉलिश करायची, तेव्हा कुठं ती पोत्यात जाते. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या डब्यातल्या चिमूटभर हळदीमागं एवढी यातायात!

एका ओळखीच्या दुकानात पाणी प्यायला थांबलो. सासूबाईंनी भिंतीकडे काठी दाखवली. माझ्या डोक्याच्याही वर एक पुसट रेघ. ऑगस्ट २०१९ च्या पुराची! कृष्णेची धोक्याची पातळी आयर्विन पुलाजवळ ४५ फूट धरतात. त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पेठेत होड्या फिरल्या. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. “तुमच्या त्या बाजारात होडीनं जातात म्हणालीस ना?” सासूबाई जाऊबाईला म्हणाल्या. “आमच्याकडे होडीच बाजारात येते.” दुकानदार हसले, पण चिखल उपसून पुन्हा पहिल्या दिवसासारखी मांडणी करणं काय असतं, ते त्यांच्या हसण्यातही कळत होतं.

पुढं कापड पेठ, सराफ कट्टा. इथं आम्ही जरा रेंगाळलो, ते सांगायला नकोच! नंतर रिक्षा करून हरिपूरला निघालो. हरिपूर हे सासूबाईंचं माहेर. रस्त्याला चिंचेची झाडं. गावात कृष्णा-वारणेचा संगम आणि संगमेश्वराचं देऊळ. ‘संगीत शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल १८५५ साली याच गावात जन्मले. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या पोरीची व्यथा त्यांनी १८९९ साली रंगभूमीवर आणली, तेव्हा घराघरांतल्या बायकांना ती आपलीच वाटली असेल!

पण सासूबाईंना दाखवायचं होतं ते दुसरंच. पेवं.

‘पेव फुटलं’ असं आपण सहज म्हणतो. पण पेव किती जणींनी पाहिलंय? जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल खणलेलं कोठार. तोंड अरुंद, एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि आत पोटाशी ऐसपैस. इथली माती अशी चिवट की ओल आत शिरत नाही. तळाला, कडेला उसाचा पाला घालायचा, हळद भरायची, वर पाला आणि मातीनं तोंड बंद करायचं. वर्षानुवर्षं किडा लागत नाही, रंग उतरत नाही. उघडताना मात्र घाई करायची नाही. आत श्वास कोंडणारी हवा साठलेली असते. तोंड उघडून वाट पाहायची, मग पेटता कंदील दोरीनं खाली सोडायचा. कंदील विझला तर माणूस उतरवायचा नाही.

“माझ्या वडिलांचं एक पेव होतं,” सासूबाई म्हणाल्या. “हळद म्हणजे त्यांची बँकच. भाव आला की उघडायचं. माझं लग्न ठरलं १९६२ साली. इकडच्यांना घाई होती. भाव पडलेला, तरी वडिलांनी पेव उघडलं. पुढं काही महिन्यांत भाव चढला. भाऊ नंतर किती वर्षं म्हणायचे, ‘ताईच्या लग्नात पेव लवकर फुटलं.’ थट्टेनंच म्हणायचे. पण म्हणून मी माहेरी कधी कशासाठी हात पसरला नाही. भाऊबीजेच्या साडीलाही नको म्हणायची.”

पंचवीस वर्षांत हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. दिवाळीत माहेरचं आमंत्रण आलं की त्या काहीतरी कारण काढायच्या, आणि मी मनात म्हणायची, मानी आहेत!

मग आम्ही ते पेव शोधायला निघालो. एका मोकळ्या जागेत त्या थांबल्या. “इथंच. ही चिंच, इथून दहा पावलं.” तिथं गवताशिवाय काही नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. इतक्यात बांधावरचे एक म्हातारे शेतकरी पुढं आले. “आजी, हितं न्हाई. त्या पल्याड. धा पावलं न्हाई, ईस. तवा तुमची पावलं लहान असतील न्हवं का?” विनोद कुणाच्या लक्षातच आला नाही. कारण पलीकडं खरोखरच जमीन थाळीसारखी खचलेली होती. २००५ च्या पुराचं पाणी गावातल्या पुष्कळ पेवांत शिरलं, हळद कुजली, कित्येक पेवं ढासळली. नंतर लोकांनी गोदामं आणि शीतगृहं धरली. हे पेवही त्याच पुरात गेलेलं.

सासूबाई त्या खळग्याच्या काठाशी बसल्या. चिमूटभर माती उचलून वास घेतला. “येत नाही,” एवढंच म्हणाल्या.

माझी जाऊबाई कधीची गप्प होती. मी वळून पाहिलं, तर तिनं मोबाइल पुढं धरला होता. फोटोसाठी नव्हे, सासूबाईंचं बोलणं ती साठवून घेत होती. “आई, कंदिलाचं पुन्हा एकदा सांगा ना,” ती म्हणाली.

परतताना रिक्षात तिनं विचारलं, “वहिनी, आमच्या साताऱ्यात पेठांना वारांची नावं का, मोती चौकापासून खण आळीपर्यंत कोण कोण होतं, हे माझ्या आईला माहीत असेल का हो?” मी म्हटलं, “मला काय विचारतेस? तिलाच जाऊन विचार की. आणि लवकर विचार.” दुसऱ्या दिवशीच ती साताऱ्याला गेली. येताना कंदी पेढे आणि दीड तासाचं ध्वनिमुद्रण घेऊन आली!

यंदा दिवाळीत मी सासूबाईंच्या भाच्याला आधीच फोन केला होता. भाऊबीजेला तो स्वतः न्यायला आला. या वेळी त्यांनी साडी घेतली. रंग हळदीचा!

तुम्हीही जा; पण हे लक्षात ठेवा

● सकाळी लवकर निघा. पेठेत दुपारी मालाच्या गाड्यांची गर्दी होते. पायात सपाट चप्पल, पिशवीत पाण्याची बाटली.

● घरातल्या वडीलधाऱ्या बाईला बरोबर घ्या. चालवत नसेल तर रिक्षा करा, पण घ्याच.

● जुन्या पेवाच्या तोंडाशी मुलांना जाऊ देऊ नका. आत कुणीही उतरू नये.

● शक्यतो हळकुंडं घ्या आणि गिरणीतून दळून आणा. चांगलं हळकुंड कट्कन मोडतं आणि आतून गडद केशरी-पिवळं दिसतं. बाहेरून फारच झळझळीत पिवळं असेल तर सावध!

● दळलेली हळद पाण्याच्या ग्लासात चमचाभर टाकून न ढवळता ठेवा. ती खाली बसून पाणी फिकट पिवळं राहिलं तर ठीक. पाणी गडद पिवळं झालं तर रंग मिसळल्याची शंका घ्यावी. भेसळीच्या काही रंगांत शिसं असतं आणि ते लहान मुलांना फार घातक.

● वर्षाची हळद भरताना उन्हं दाखवा, पण दळलेली हळद उन्हात ठेवू नका, रंग उतरतो. काचेच्या बरणीत, अंधाऱ्या फडताळात ठेवा. पेवाचंच तत्त्व ते: ओल नको, उजेड नको!