गेला, गया, गिस आणि वेंट

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या मराठी घरात वाढणाऱ्या मुलाच्या कानावर दिवसभरात चार भूतकाळ पडतात. आजी म्हणते, ‘बाबा कामावर गेले.’ गल्लीतला मित्र म्हणतो, ‘पापा गए.’ धमतरीकडून आलेली भाजीवाली म्हणते, ‘ओ हर गिस.’ आणि शाळेच्या वहीत लिहावं लागतं ‘वेंट’. पहिले तीन त्याला कुणी शिकवले नाहीत. चौथ्यासाठी मात्र तीन रकान्यांचा तक्ता घोकावा लागतो: गो, वेंट, गॉन. ‘गो’चं ‘गोड’ का होत नाही, असं मुलानं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: इंग्रजी आहेच तशी, पाठ कर.

हे उत्तर मला पटत नाही, कारण आपली मराठीही तशीच आहे. ‘वेंट’ हे मुळात ‘वेंड’ या वेगळ्या क्रियापदाचं रूप. ते ‘गो’च्या भूतकाळात येऊन बसलं. मराठीत ‘जाणे’ हे संस्कृतातल्या ‘या’ धातूपासून आलं, तर ‘गेला’ हे ‘गम्’ धातूच्या ‘गत’पासून. म्हणजे एका क्रियापदाच्या पोटात दोन धातू, अगदी ‘गो-वेंट’सारखे. ‘जाना’चं ‘गया’ आणि छत्तीसगढीतलं ‘गिस’ त्याच वळणाचं. बस्तरच्या हलबीतही भूतकाळाचा आपला ‘ल’ ऐकू येतो. भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सनने भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या मराठीच्या खंडात, 1905 साली, हलबीची नोंद केली ती उगीच नव्हे.

‘करणे’चं ‘केला’ आणि ‘मरणे’चं ‘मेला’ ही रूपं ‘कृत’ आणि ‘मृत’ यांच्यातून उतरली. येणे-आला, होणे-झाला, देणे-दिला, घेणे-घेतला, खाणे-खाल्ला, धुणे-धुतला अशी यादी करत गेलं की लक्षात येतं, ही सगळी रोजच्या तोंडातली क्रियापदं आहेत. लहान मूल ‘मी करलं’ म्हणतं आणि आपण हसून सुधारतो. खरं तर त्या वेळी त्यानं नियम ओळखलेला असतो. इंग्रज मूलही त्या वयात ‘गोड’ म्हणतं. जीन बर्को यांनी 1958 साली मुलांपुढे बनावट शब्द ठेवून हेच तपासलं. कधी न ऐकलेल्या क्रियापदांचीही भूतकाळी रूपं मुलांनी नियमाने करून दाखवली.

मग अनियमित रूपं टिकतात कशी? हार्वर्डमधल्या संशोधकांनी 2007 साली ‘नेचर’मध्ये याचा हिशेब मांडला. जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदं त्यांनी घेतली. मध्ययुगीन इंग्रजीपर्यंत त्यांतली 145 अनियमित राहिली, आजच्या इंग्रजीत 98. ‘हेल्प’चं जुनं ‘होल्प’ गेलं आणि ‘हेल्प्ड’ आलं. शंभरपट कमी वापरलं जाणारं क्रियापद दहापट वेगाने नियमाला लागतं, असं त्यांना आढळलं. जे सतत ओठांवर असतं त्याचं जुनं रूप पिढीला पिढीकडून ऐकायला मिळतं, म्हणून ते तगतं. मराठीतही हे आपल्या डोळ्यांदेखत चाललं आहे: ‘बघितलं’च्या जागी ‘बघलं’ किती सहज येतं! ‘गेलं’ मात्र जागचं हललेलं नाही.

मुलांच्या चुकांकडेही मी याच नजरेनं बघतो. ‘आय डिडन्ट वेंट’ या वाक्यावर लाल रेघ पडते. पण मराठीत ‘मी गेलो’ आणि ‘मी गेलो नाही’, दोन्हीकडे ‘गेलो’च आहे. नकार आला म्हणून आपलं क्रियापद भूतकाळ सोडत नाही. इंग्रजीत मात्र भूतकाळ ‘डिड’ उचलतो आणि मागचं क्रियापद मोकळं होतं. एवढी एक गोष्ट नीट सांगितली की चूक सुटते. नुसत्या लाल रेघेनं ती सुटताना मी पाहिलेली नाही. दारातून हाक आली की आपण ‘आलोच!’ म्हणतो, अजून उठलेलोही नसताना. त्याचं ‘आय केम’ करणारं मूल बिचारं प्रामाणिक असतं.

सगळ्यात अवघड जागा पूर्ण वर्तमानकाळाची. ‘मी 2019 मध्ये पुरीला गेलो आहे’ हे मराठीत चालतं. इंग्रजीत साल सांगितलं की ‘हॅव गॉन’ चालत नाही, साधा ‘वेंट’च हवा. उलट ‘मी वीस वर्षांपासून रायपूरला राहतो आहे’ यातला आपला चालू वर्तमानकाळ इंग्रजीत ‘हॅव बीन लिव्हिंग’ होतो. विदर्भातून इथे आलेल्या घरांतलं ‘करून राहिलो’ तर हिंदीच्या ‘कर रहा हूँ’ला अगदी चिकटून आहे. त्या घरांतल्या मुलांना प्रत्येक क्रियापदाला ‘इंग’ लावावंसं वाटतं आणि ‘आय अ‍ॅम नोइंग’ होतं. काळाचं नाव दोन्ही व्याकरणांत एकच असलं, तरी कामं वेगळी आहेत. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण 1836 साली आलं, ते इंग्रजी व्याकरणाचा साचा समोर ठेवून. तेव्हापासून ही नावं आपण जुळी समजत आलो.

या मुलखाला मात्र दुसरी परंपराही आहे. धमतरीच्या शाळेचे मुख्याध्यापक हीरालाल काव्योपाध्याय यांनी छत्तीसगढीचं व्याकरण हिंदीत लिहिलं आणि ग्रिअर्सनने त्याचा इंग्रजी अनुवाद 1890 साली प्रसिद्ध केला. घरात बोलली जाणारी भाषा नियमांत मांडण्याइतकी मोलाची आहे, हे त्या शाळामास्तरांनी ओळखलं. मराठी घरातल्या माधवराव सप्र्यांनी 1900 साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ काढलं, दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेलं. एका भाषेतून दुसरीत जायचं तर आधी आपली भाषा पुरती हाताशी हवी. सप्र्यांकडे ती होती. रायपुरातली सप्रे शाळा आजही त्यांचं नाव सांगते.

म्हणून रायपूरच्या मराठी आईबापांना माझी विनंती आहे. या दिवाळीच्या सुट्टीत इंग्रजी तक्ता काढण्याआधी मुलाला आजीजवळ बसवा आणि वहीत दोन रकाने आखा. एकात ‘जाणे, येणे, करणे, मरणे, देणे, खाणे’ लिहा, दुसरा त्याला भरू द्या. तो भरून झाला की तिसरा रकाना आखा आणि ‘वेंट’ तिथे लिहा.