मोबाइलला मगरिब नसते

रमजानात दुपारचा शेवटचा तास संपला की मी स्टाफरूममध्ये खिडकीजवळ येऊन बसतो. तेव्हा सगळ्यांच्या चहाची वेळ असते. सहकारी कप उचलून पलीकडच्या टेबलावर जातात. ‘अहो, खुशाल इथे प्या, मला काही होत नाही,’ असं मी दरवर्षी सांगतो. तरी जातात.

मागच्या आठवड्यात अशाच वेळी द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी आला. लालबागच्या चाळीतला मुलगा. नाव सांगत नाही, ते त्याला आवडणार नाही. थोडा वेळ घुटमळला आणि म्हणाला, ‘‘सर, एक विचारू? तहान लागलेली असते, समोर पाणी असतं, तरी तुम्ही पीत नाही. हे कसं जमतं?’’

‘पाणीसुद्धा नाही?’ हा प्रश्न रमजानात मला कोणी ना कोणी विचारतंच. त्यात कौतुक असतं, कुतूहल असतं. या मुलाला मात्र कुतूहल नव्हतं, त्याला उपाय हवा होता. मी त्याला बसायला सांगितलं.

तो शनिवार-रविवार लोअर परळच्या एका मॉलमध्ये बुटांच्या दुकानात काम करतो. त्याचे आजोबा त्याच भागातल्या एका गिरणीत होते. तो जे बूट ग्राहकांच्या पायात घालून दाखवतो, त्यांतल्या बऱ्याच जोडांची किंमत त्याच्या महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त असते. रात्री घरी येऊन मोबाइल उघडला की तेच बूट पुन्हा समोर. ‘‘दिवसभर मी ते विकतो सर, आणि रात्री ते मलाच विकायला बघतात,’’ तो म्हणाला. मोबाइलही हप्त्यावर घेतलेला. बारा हप्त्यांपैकी पाच अजून बाकी आहेत. अॅप त्याने तीनदा काढून टाकलं आणि तीनदा परत घेतलं. मोबाइल बंद ठेवावा, तर दुकानातली पाळी व्हॉट्सअॅपवर कळते, कॉलेजच्या सूचनाही तिथेच येतात. एका विषयात एटीकेटी लागली आहे. आईला वाटतं, पोरगा रात्री जागून अभ्यास करतो.

‘‘मला खरं तर काही नको असतं. बघितलं की हवंसं वाटायला लागतं. मग मिळत नाही म्हणून राग येतो, आणि बघत बसलो म्हणून स्वतःचा राग येतो.’’

मी शिक्षक माणूस. तोंडात भाषण तयारच होतं. सब्र, संयम, मनोनिग्रह असं बोलायला लागलो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘ते माझ्यात नाहीये सर. असतं तर तुमच्याकडे आलो नसतो.’’

मी गप्प झालो. कारण खरं सांगायचं तर ते माझ्यातही फारसं नाही. रमजान ईदनंतरच्या शव्वाल महिन्यात सहा ऐच्छिक रोजे ठेवण्याची पद्धत आहे. त्यांचं पुण्य मोठं मानतात. गेली कित्येक वर्षं मी ते ठरवतो आणि दोन-तीनच्या पुढे जात नाही. रमजानात सलग २९ किंवा ३० दिवस, रोज साधारण तेरा तास अन्नपाण्याशिवाय राहणारा मीच, आणि आठवड्याभरात सहाव्या रोजापर्यंत न पोहोचणाराही मीच. तहान तीच, पाणी तेच. मग फरक कुठे पडतो?

रमजानात पहाटे मला एकट्याला उठावं लागत नाही. अख्खी गल्ली उठलेली असते. स्वयंपाकघरात भांडी वाजत असतात, शेजारी दार ठोठावून ‘उठलात का?’ विचारतो. भिंतीवर सहरी-इफ्तारचं वेळापत्रक असतं, त्यात मिनिटामिनिटाचा हिशेब. सूर्य मावळला, मगरिबची अजान झाली की तोंडात खजूर घालायची. त्यानंतर उगाच ताणून भुकेलं राहणं चांगलं समजत नाहीत. आजारी माणसाला, प्रवाशाला सूट आहे. सुटलेला रोजा नंतर भरून काढता येतो, त्याला ‘कझा’ म्हणतात. म्हणजे वेळ ठरलेली, सोबत असलेली आणि चुकलं तर परत यायला वाट ठेवलेली. शव्वालमध्ये मी एकटा पडतो. चहा समोर येतो आणि कोणी पलीकडच्या टेबलावर जात नाही.

मी त्या मुलाला माझ्या दादांची, म्हणजे आजोबांची गोष्ट सांगितली. आमचं कुटुंब मदनपुऱ्यातलं. उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांची ही जुनी वस्ती. तिथले बरेच जण गिरण्यांच्या साचेखात्यात कामाला होते, दादाही होते. दुसऱ्या पाळीत इफ्तारची वेळ नेमकी साचे धडधडत असतानाच यायची. साचा सोडून जाता येत नसे. तेव्हा शेजारचे साचे चालवणारा कोकणातला गडी मान हलवून खूण करायचा, ‘मियाँ, जा, पाणी पी.’ दहा मिनिटं तो स्वतःच्या साच्यांबरोबर दादांचेही सांभाळायचा. दादा सांगायचे, ‘त्या महिन्यातले माझे रोजे दोघांनी मिळून ठेवलेले आहेत.’ गणपतीला तो गावी निघाला की जाण्याआधीची त्याची कामं दादा उरकून द्यायचे.

गिरणगावाचं उगाच गोडवे गाणारं चित्र मला काढायचं नाही. साचेखात्यातल्या आवाजाने कान जायचे, कापसाच्या धुळीने छाती भरायची. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते. त्यातले असंख्य पुन्हा कामावर गेलेच नाहीत. १९०५ साली स्थापन झालेल्या फिनिक्स मिलच्या जागेवर आज झगमगता मॉल आहे, हे लोअर परळला उतरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. गिरणीचा भोंगा माणसाला आत ओढायचा, तसा पाळी सुटल्याचंही सांगायचा. दुष्ट असेल, पण दोनदा वाजायचा.

या मुलाच्या हातातल्या यंत्राला सुटीचा भोंगाच नाही. पूर्वी संकेतस्थळाचं पान खाली संपायचं. पुढचं पान हवं तर बटण दाबावं लागायचं. तेवढ्या क्षणात माणूस विचार करायचा, पुरे आता. २००६ मध्ये आझा रॅस्किन या अमेरिकी तंत्रज्ञाने पान संपूच न देणारी सरकती रचना तयार केली. पुढे त्याचा वापर कसा झाला ते पाहून त्याने स्वतःच जाहीरपणे खंत व्यक्त केली. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि न संपणारं पान चाळीच्या दहा बाय बाराच्या खोलीपर्यंत पोहोचलं. एकीकडे ते पान संपत नाही, दुसरीकडे हप्त्याची सोय आणि दहा मिनिटांत दारात येणारा माल. इच्छा आणि वस्तू यांच्यामध्ये थांबायला जागाच उरली नाही. सकाळपासून सुरू झालेल्या या दिवसाला मगरिब नसते. आणि मग आपण पोरांना म्हणतो, तुमच्यात संयम नाही!

हे फक्त या मुलाचं दुखणं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. आमच्या घरातही तेच चाललेलं आहे. उर्दूत ‘रोजा बहलाना’ असा वाक्प्रचार आहे. संध्याकाळची शेवटची भूक जाणवू नये म्हणून जीव कशाततरी रमवायचा. पूर्वी लोक त्यासाठी समुद्रावर चक्कर मारत, पुस्तक वाचत, गप्पा मारत. आता अस्र आणि मगरिबच्या मधल्या वेळात हातात मोबाइल असतो, आणि त्यात काय बघतो आम्ही? मोहम्मद अली रोडवरचे मालपुवे! उपाशीपोटी मालपुव्याच्या रील बघणारा प्राध्यापक मी स्वतःच आहे. रोजा पोटाचा असतो तसा डोळ्यांचा, कानांचा, जिभेचाही असतो, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. पोटाचा सांभाळतो, डोळ्यांचा रोज मोडतो.

मिनारा मशिदीच्या गल्लीत रमजानच्या रात्री जरूर या. फिरनी खा, नल्ली निहारी खा. अर्धी मुंबई येते आणि आम्हाला त्याचा आनंदच आहे. पण अलीकडे तिथे माणसांइतकेच कॅमेरे असतात. कढईसमोर दिवे लावून उभी असलेली मुलं एक घास घेतात, तो घास कॅमेऱ्याला दाखवतात आणि पुढच्या दुकानाकडे वळतात. इफ्तारचं ताट आधी फोटोसाठी सजतं, मग खजूर उचलली जाते. दान देतानाही कोणीतरी चित्रीकरण करत असतो. इस्लाममध्ये दिखाव्यासाठी केलेल्या पुण्यकर्माला ‘रिया’ म्हणतात आणि तो फार मोठा दोष मानतात. इमाम गजालींनी नऊशे वर्षांपूर्वी त्यावर सविस्तर लिहिलं. आपल्याकडे तुकोबांनी दंभावर कोरडे ओढले. दोघांनाही कॅमेरा माहीत नव्हता, पण माणूस चांगला माहीत होता.

मग करायचं काय? सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं सुमारे तीन हजार वस्तीचं गाव आहे. कोविडच्या काळात ऑनलाइन शाळेसाठी मुलांच्या हातात मोबाइल आले. शाळा उघडल्या तरी ते सुटेनात. घरात मोठी माणसंही टीव्ही-मोबाइलला चिकटलेली. तेव्हा २०२२ च्या ऑगस्टमध्ये, विजय मोहिते सरपंच असताना, गावातल्या बायकांना विश्वासात घेऊन एक निर्णय झाला. रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजणार आणि साडेआठपर्यंत घरोघरी मोबाइल आणि टीव्ही बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं किंवा एकमेकांशी बोलायचं. सुरुवातीला घरोघरी फिरून आठवण करून द्यावी लागली.

ही बातमी मी तेव्हा वाचली आणि हसू आलं. म्हटलं, हा तर रोजाच झाला. वेळ ठरलेली, सुटण्याचीही ठरलेली, आणि अख्खा गाव सोबत. दीड तासच, म्हणून लोकांना तो झेपतो. कोणीही मोबाइल फेकून द्या म्हणालं नाही. रमजानही अन्न वाईट आहे असं कुठे म्हणतो? अन्न ही नेमतच आहे. फक्त ती हवी तेव्हा, हवी तेवढी, एकट्यासाठी नाही.

त्या मुलाला मी एवढंच म्हटलं, ‘‘एकट्याने करू नकोस. दोन तास ठरव. आणि तुझे साचे सांभाळणारा कोणीतरी शोध.’’

तो दोन दिवसांनी आला. आठ ते दहा अशी वेळ त्याने ठरवली होती. चाळीतल्या सात मित्रांना विचारलं, दोघे तयार झाले. बाकीच्यांनी चेष्टा केली. तिघांचे मोबाइल एकाच्या घरी डाळीच्या रिकाम्या डब्यात ठेवतात आणि गच्चीवर अभ्यासाला बसतात. दुकानातल्या एका सहकाऱ्याला त्याने आईच्या बटणांच्या फोनचा नंबर दिला आहे. पाळी बदलली तर तो तिथे कळवतो. पहिले दोन्ही दिवस हात सारखा खिशाकडे जात होता, असं म्हणाला. त्या बुटांचं काय, असं मी विचारलं. ‘‘अजून हवेत,’’ तो हसला, ‘‘पण दोन तास आठवले नाहीत.’’ हप्ते बाकी आहेतच, एटीकेटीही आहे. एका डब्याने ते सुटणार नाही हे त्यालाही कळतं.

काल तो पुन्हा आला, चेहरा पाडून. क्रिकेटची मॅच होती. नऊ वाजताच तिघांनी डबा उघडला.

‘‘मोडला सर,’’ तो म्हणाला. ‘‘आज रात्री एक तास जास्त बसून भरून काढणार आहोत. तुमच्यात ते काय म्हणतात, कझा. चालतं ना?’’

‘‘चालतं,’’ मी म्हटलं.

तो गेल्यावर चहा आला. सहकारी नेहमीसारखे कप घेऊन उठले. ‘खुशाल इथे प्या’ असं मी या वेळी म्हटलं नाही. उलट सांगून ठेवलं, ईदनंतर माझे अजून सहा रोजे आहेत, तेव्हाही असेच पलीकडच्या टेबलावर जा.