पाणी गाळणाऱ्या पडद्याची निगा

पूर्णा नदीच्या खोऱ्यांत अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांचा कांहीं भाग खारपाणपट्टा म्हणून प्रसिद्ध आहे. तेथें विहिरींचें पाणी खारें असल्यामुळें कित्येक गांवीं व्यस्त परासरणाचीं, म्हणजे लोक ज्यांस आर. ओ. म्हणतात तीं, यंत्रें बसविलेलीं आहेत. यंत्रासाठीं वर्गणी जमते. निगेसाठीं माणूस मात्र पुष्कळदां नेमला जात नाहीं. म्हणून त्या निगेची रीत येथें देत आहों.

यंत्राचा सारा जीव पडद्यांत असतो. पंपाच्या दाबानें पाणी पडद्यापार जातें व क्षार मागें राहतात. कालांतरानें पडद्यावर गाळ, चुन्याची खपली व जंतूंचा बुळबुळीत थर बसतो. हा मळ डोळ्यांस दिसत नाहीं, वहींत दिसतो. यास्तव शुद्ध पाण्याचा ओघ, दाब, पाण्याची उष्णता व क्षारमान यांची नोंद रोजकीर्दीप्रमाणें ठेवावी. पडदा नवा असतांनाच्या आंकड्यांशीं ताडून ओघ शेंकडा 10 नें घटला कीं धुण्याची वेळ आली असें समजावें. मात्र पाणी 1 अंश सेल्सिअसनें थंड झाल्यास ओघ सुमारें शेंकडा 3 नें आपोआपच घटतो. हिवाळ्यांत ही वजावट अवश्य करावी.

जंतूंचा थर कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणानें सुटतो. चुन्याची खपली लिंबूसत्वाच्या शेंकडा 2 द्रावणानें विरघळते. दोन्ही मळ असल्यास आधीं सोडा, मग स्वच्छ पाणी, व नंतर लिंबूसत्व हा क्रम ठेवावा. आधीं आम्ल घातल्यास सेंद्रिय मळ अधिकच घट्ट बसण्याचा संभव असतो. द्रावण शुद्ध पाण्यांत करून कमी दाबानें फिरवावें, कांहीं वेळ भिजूं द्यावें व पुष्कळ पाण्यानें धुऊन काढावें. त्यानंतरचें पहिलें पाणी पिण्यास घेऊं नये. द्रावणाची तीव्रता व उष्णता पडदा करणाराच्या पत्रकाप्रमाणें ठेवावी; हातमोजे व चष्मा घालावा.

ब्लीचिंग पावडर मात्र या पडद्यास कधींहि लावूं नये. हल्लींचे बहुतेक पडदे पॉलिअमाइडचे असतात व क्लोरीननें ते कायमचे खराब होतात. शिवाय ती पावडर आम्लांत मिसळल्यास विषारी वायु सुटतो. ओघ वाढून क्षारमानहि वाढलें, तर पडदा बिघडला असें जाणावें. तो धुऊन सुधारत नाहीं.

थर पातळ असतां धुणें हें एका दिवसाचें काम आहे. खपली कठीण झाल्यावर पडदाच बदलावा लागतो, आणि तोंवर गांवास पुन्हां खाऱ्या विहिरीवरच जावें लागतें.