पैज लावावी की 'चेक' म्हणावे?

तीन पत्ती आणि रमी हे खेळ महाराष्ट्राला नवे नाहीत. पोकर मात्र आपल्याकडे प्रामुख्याने गोव्याच्या कॅसिनोंतून आणि पुढे मोबाइलमधून आला. विवेकानंद आश्रमामुळे ओळखल्या जाणाऱ्या बुलडाणा जिल्ह्यातील हिवरा आश्रमसारख्या गावी कॅसिनो नाही. पण खिशातल्या फोनला गावाची वेस अडवत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी घालणारा कायदा संमत केला. त्याआधी अनेक वर्षे 'हा कौशल्याचा खेळ आहे' असा युक्तिवाद केला जात होता. हे कौशल्य नेमके कशात असते आणि ते कोठवर पुरते, याचा उलगडा 'लिमिट होल्डम' या प्रकारातील एका साध्या प्रश्नातून होतो.

या खेळात प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात. टेबलावर आधी तीन, मग एक आणि शेवटी आणखी एक असे पाच सामाईक पत्ते उघडले जातात. सातांपैकी सर्वोत्तम पाच पत्ते ज्याचे, त्याचा डाव. पैजेच्या चार फेऱ्या होतात आणि 'लिमिट' प्रकारात रक्कम ठरलेली असते. पहिल्या दोन फेऱ्यांत ती ५० रुपये असेल, तर नंतरच्या दोन फेऱ्यांत १०० रुपये. 'चेक' म्हणजे पैसे न लावता पाळी पुढे देणे. समोरच्याने पैज लावल्यास बरोबरी करावी, रक्कम वाढवावी किंवा पत्ते टाकावेत.

आता शेवटची फेरी घेऊ. मध्ये ६०० रुपये जमले आहेत, प्रतिस्पर्ध्याने 'चेक' म्हटले आहे आणि निर्णय दुसऱ्या खेळाडूच्या हाती आहे. नवखा विचारतो, 'माझे पत्ते सरस असण्याची शक्यता किती?' हा प्रश्नच चुकीचा आहे. खरा प्रश्न असा, की समोरच्याने बरोबरी केली, तर आपले पत्ते सरस असण्याची शक्यता किती? प्रतिस्पर्धी पाच बदामांच्या आशेवर थांबला होता आणि पाचवे बदाम आलेच नाही, तर तो पत्ते टाकील. त्याच्याकडून एक रुपयाही जास्त मिळणार नाही. बरोबरी करणारा काहीतरी हाती असलेलाच असतो. अशा २० बरोबऱ्यांत १२ वेळा विजय मिळाला, तर १,२०० रुपये येतात, ८०० जातात आणि ४०० उरतात. विजय ९ वेळाच मिळाला, तर २०० रुपयांचा तोटा होतो. म्हणजे सीमारेषा निम्म्यावर आहे. समोरचा रक्कम वाढवण्याचाही धोका असल्याने ती प्रत्यक्षात निम्म्याहून थोडी वर धरावी लागते.

थापेचे गणित वेगळे आहे. ६०० रुपयांसाठी १०० लावले असता सात वेळांतून एकदा जरी प्रतिस्पर्ध्याने माघार घेतली, तरी हिशेब बरोबरीत सुटतो. पण त्याच्या बाजूने पाहिले, तर १०० रुपयांत ७०० मिळण्याची संधी आहे. आठांत एकदा जिंकला तरी त्याला पुरते. म्हणून लिमिटमध्ये लोक सहसा पत्ते टाकत नाहीत आणि थाप क्वचितच साधते. यातून निघणारा नियम वरकरणी विचित्र वाटतो: उत्तम पत्त्यांवर पैज लावावी, अगदी टाकाऊ पत्त्यांवर कधीमधी लावावी आणि मधल्या पत्त्यांवर 'चेक' म्हणावे.

मात्र शेवटचा पत्ता यायचा असेल, तर सावध 'चेक' महागात पडतो. प्रतिस्पर्ध्याकडे चार बदाम असतील, तर त्याच्या दृष्टीने न दिसलेल्या ४६ पत्त्यांत ९ बदाम उरतात. म्हणजे साधारण पाचांत एकदा त्याचे काम होते. १०० रुपयांच्या पैजेला त्याने बरोबरी केली, तर आघाडीवरचा खेळाडू पाच वेळांत चारदा १०० मिळवतो आणि एकदा गमावतो. सरासरी ६० रुपयांचा हा फायदा 'चेक' म्हटल्याने हातचा जातो आणि पुढचा पत्ता प्रतिस्पर्ध्याला फुकट पाहायला मिळतो.

कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी जानेवारी २०१५ मध्ये दोघांमधील लिमिट होल्डम व्यवहारतः सोडवल्याचे जाहीर केले. त्यांच्या संगणकाने खेळाच्या जवळपास निर्दोष चाली शोधल्या होत्या. म्हणजे येथे बरोबर उत्तर असते आणि ते शिकता येते.

तरीही कायद्याचे मत एकसारखे राहिले नाही. रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये म्हटले. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला जुगार ठरवले. खेळणाऱ्यासाठी याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे नाल. अड्डा असो, कॅसिनो असो वा संकेतस्थळ, चालवणारा आपला वाटा काढून घेतोच. सारख्याच तयारीचे सहा जण दीर्घकाळ खेळले, तर सहाही जण मिळून तेवढी रक्कम हरतात. अचूक निर्णयातून सरासरी ६० रुपये मिळतात, पण ती सरासरी हजारो डावांनंतर दिसते. एका रात्रीत अचूक खेळणाराही सर्वस्व गमावू शकतो. कौशल्य खरे असते, पण ते केवळ समोरच्यापेक्षा सरस असून भागत नाही. नालेची भरपाई करूनही ते उरावे लागते.